गारगोटी रोडची बांबू नर्सरी आणि ॲस्पर बांबूची रोपं : तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

सगळ्यात आधी सांगतो, या नर्सरीत मोसो बांबू मिळत नाही, आणि मी हिला पाचपैकी चार स्टार देतोय त्याचं पहिलं कारण हेच आहे. सध्या मोबाईल उघडला की मोसोचे व्हिडिओ येतात, चीनमधली ती उंचच्या उंच हिरवी जंगलं, ड्रोन शूटिंग, मागं बासरी, आणि खाली लिंक की बी मागवा, रोप मागवा, एकरी लाखो कमवा. आपल्या भागातली कितीतरी शिकलेली पोरंसुद्धा ते बघून ऑर्डर टाकतात. मीही नर्सरीत गेलो तो मोसोच विचारायला गेलो होतो, आणि तिथल्या काकांनी मला बसवून, चहा पाजून, तो का लावायचा नाही हे नीट समजावून सांगितलं. ज्या माणसाला विकायचंय तोच जेव्हा सांगतो की हे तुमच्या उपयोगाचं नाही, तेव्हा बाकीच्या मालावर पण विश्वास बसतो.

नर्सरी कोल्हापूरहून गारगोटीकडं जाताना मेन रोडपासून जरा आत आहे, पाटी लहान आहे, पटकन दिसत नाही. आत गेल्यावर शेडनेटच्या दोन लांब शेड, बाहेर उन्हात ठेवलेल्या पिशव्या, आणि मागच्या बाजूला त्यांची स्वतःची बांबूची बेटं. ही बेटं बघायचीच, कारण फोटोपेक्षा डोळ्यासमोरचा बांबू खरं बोलतो. काका साठीच्या पुढचे, मुलगा सगळा फोन आणि हिशोब बघतो. तिथं पहिला प्रश्न किती रोपं पाहिजेत हा नसतोच. जमीन कुठली, माती लाल की काळी, उतार आहे की सपाट, पावसाळ्यात पाणी साचतं का, उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती दिवस टिकतं, गवे येतात का, एवढं सगळं विचारूनच ते रोपांचं नाव काढतात.

आमचं बोलणं साधारण असं झालं.

"मोसो पाहिजे हाय व्हय? आमच्यात न्हाई मिळत, आणि असता तरी दिला नसता. जमीन कुठली तुमची?"

"भुदरगड, पाटगावच्या अलीकडं."

"म्हंजे पाऊस लई, थंडी बेताची. मग त्यो तुमच्यात येऊन करणार काय? त्यो थंडीतला गडी."

आता ही थंडीची गोष्ट जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेकांना इथंच गफलत होते. मोसो हा समशीतोष्ण हवामानाचा महाकाय बांबू. चीनमध्ये झेजियांग, फुजियान, जियांग्शी या भागात त्याचे डोंगरच्या डोंगर आहेत, झेजियांगमधलं आंजी तर बांबूसाठीच ओळखलं जातं. तिथं वर्षाचं सरासरी तापमान १५ ते २० अंशाच्या दरम्यान, हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि हा बांबू उणे १५ अंशापर्यंतची थंडी सुद्धा काढतो. काठी २० मीटरच्या वर जाते, जाडी चांगली वीतभर भरते. म्हणूनच थंड देशातल्या लोकांना त्याचं एवढं आकर्षण आहे, कारण एवढा मोठा होणारा आणि बर्फात टिकणारा बांबू त्यांच्याकडं दुसरा जवळजवळ नाहीच. फ्रान्समध्ये आंद्यूझ गावाजवळ १८५६ साली यूजेन माझेल नावाच्या माणसानं बांबूची बाग उभी केली, ती आजही आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. युरोपात, अमेरिकेत हल्ली जे शेतकरी नवीन पीक म्हणून महाकाय बांबूकडं बघतायत त्यातले बरेच जण याच जातीच्या जिवावर, आणि त्यांच्या हवामानात ते बरोबरच आहे. कोंब खायला, काठी फ्लोरिंगला, फर्निचरला, कापडाला, सगळं होतं त्याचं.

पण त्याचं घड्याळ वेगळं आहे बघा. मोसोला कोंब फुटतात ते वसंतात, थंडी संपून ऊब यायला लागली की, आणि तिकडं त्याच वेळेला वसंताचा पाऊस पण असतो. आपल्याकडं ते महिने म्हणजे चैत्र-वैशाख, विहिरी तळाला गेलेल्या, जमीन भेगाळलेली, दुपारी बाहेर पडवत नाही. ज्या वेळेला त्याला सगळ्यात जास्त पाणी पाहिजे त्या वेळेला आपल्याकडं प्यायचं पाणी जपून वापरावं लागतं. आणि आपला मृग लागतो तोवर त्याचा कोंबाचा हंगाम संपलेला. शिवाय त्याला हिवाळ्यातली खरी थंडी लागते ती कोल्हापुरात कुठनं आणायची, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १४-१५ ला आला तरी आपण शेकोटी करतो. काकांनी हे असंच, कागदावर महिने लिहून दाखवलं, इकडं आपला पाऊस, तिकडं त्याचा कोंब, आणि दोन्हीचा मेळच बसत नाही. मला तरी एवढं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो पळतो. बांबूत दोन प्रकार, एक बेट करून एका जागी राहणारा आणि एक जमिनीखालनं लांब कंद सोडत पळणारा. मोसो पळणारा. चीनमध्ये अख्खा डोंगर एकाच मालाचा असेल तर पळू दे की, पण आपल्याकडं अर्ध्या एकराची पट्टी, एका बाजूला चुलत्याचं भात, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा ऊस. बांधावरनं आधीच कमी भांडणं आहेत का? अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं तर २०१३ साली अशा पळणाऱ्या बांबूसाठी कायदाच केला की तुमचा बांबू शेजारच्या जागेत घुसून नुकसान झालं तर जबाबदारी लावणाऱ्याची. जपानमध्ये अठराव्या शतकात चीनकडून आलेला मोसो लोकांनी कोंबासाठी हौसेनं वाढवला, पुढं बाहेरचे स्वस्त कोंब यायला लागले, गावातली माणसं म्हातारी झाली, तोडणी थांबली, आणि आता तोच बांबू शेजारच्या जंगलात घुसतोय म्हणून तिथली माणसं काळजीत आहेत.

आणि ती व्हॉट्सअॅपवरची गोष्ट, की चायनीज बांबूला पाच वर्षं नुसतं पाणी घालायचं, जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि मग सहा आठवड्यात नव्वद फूट. आमच्याकडं दहावीच्या निरोप समारंभात दरवर्षी कोणतरी पाहुणा ही सांगतोच. ती खरी नाही. मोसोला पहिल्या वर्षापासून जमिनीवर कोंब येतात, बारीक असतात एवढंच, दरवर्षीचा कोंब आदल्या वर्षीपेक्षा जाड आणि उंच येतो आणि खाली कंदाचं जाळं वाढत जातं. बन पूर्ण तयार झाल्यावर मात्र नवीन कोंब दोन-एक महिन्यात पूर्ण उंची गाठतो, त्यातल्या चांगल्या दिवसात तो दिवसाला मीटरभर सुद्धा वाढतो, तेवढं खरं आहे. मी हे लिहितोय कारण लोक या गोष्टीच्या भरवशावर पैसे घालतात, रोप वाढत नसलं तरी पाच वर्षं थांबायचंय म्हणून गप्प बसतात, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

असो. मग आपल्याकडं महाकाय बांबू लावायचाच असेल तर काय, तर काकांनी तीन नावं सांगितली. एक ॲस्पर, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस ॲस्पर, आग्नेय आशियातला, २० ते ३० मीटर जाणारा, बेट करून राहणारा. दोन बाल्कोवा, ईशान्य भारत-बंगालकडचा, बाजारात भीमा म्हणून विकतात तो याचाच एक प्रकार. आणि तीन आपला मेस. मेस विषयी त्यांचं वाक्य मला फार आवडलं, "मेस तुमच्या गावात बांधाबांधाला असंल की, जून बेटातला कंद काढून लावा, माझ्याकडनं पैसे देऊन कशाला घेता?" मेस काही महाकाय नाही, पण भरीव, सरळ, बिनकाट्याचा, आजरा-चंदगड-भुदरगडची लाल माती त्याला मानवते आणि तळकोकणात त्यालाच माणगा म्हणतात. मी एका बाजूला ॲस्पर आणि बांधाला गावातलाच मेस असं ठरवलं.

आता रोपांविषयी. ॲस्परचं टिश्यू कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेलं रोप मला ८० रुपयाला पडलं, जास्त घेतली तर थोडं कमी करतात. यापेक्षा स्वस्त पण मिळतं, पण पिशवीत काय आहे ते बघा. चांगल्या रोपाला एका पिशवीत तीन-चार तरी फुटवे पाहिजेत, एकच काडी उंच वाढलेली असेल तर ते शेडमध्ये उजेडाला ताणलेलं असतं, बाहेर वाऱ्यात आडवं पडतं. काकांकडची रोपं शेडनेटमधून काढून महिनाभर उघड्या उन्हात ठेवलेली होती, पानं जरा जाड, रंग गडद, काही पानांची टोकं करपलेली. नवीन माणसाला ती शेडमधल्या कोवळ्या लुसलुशीत रोपापेक्षा कमी देखणी वाटतील, पण शेतात हीच टिकतात. मुलानं एक पिशवी आपणहून फाडून मुळ्या दाखवल्या, पांढऱ्या मुळ्यांनी माती चांगली धरलेली, तळाला गोल फिरून गुंडाळी झालेली नाही. हे बघायला मागितलं तर तोंड वाकडं करणाऱ्या नर्सऱ्या पण मी पाहिल्यात.

लावताना त्यांनी सांगितलं ते असं: दोन बाय दोन बाय दोन फुटाचा खड्डा, शेणखत आणि निंबोळी पेंड, १५ बाय १५ फूट अंतर म्हणजे एकरी साधारण १९० रोपं बसतात, आणि जिथं पाणी साचतं तिथं अजिबात नाही. उतार असला तर उत्तम. पहिले दोन उन्हाळे ड्रिप पाहिजेच, "तिसऱ्यापास्नं त्यो त्याचं बघतो" हे त्यांचे शब्द. पावसाळा संपत आला की बेटाच्या बुडाला मातीची भर द्यायची, कारण बेट करणाऱ्या बांबूचे नवीन कंद हळूहळू वर येतात आणि उघडे पडले तर पुढच्या साली कोंब बारीक येतो. ही भर द्यायची गोष्ट कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत आणि सगळ्यात जास्त फरक मला त्यानंच दिसला. दोन ओळींना भर वेळेत दिली आणि एका ओळीला मजूर न मिळाल्यानं उशिरा, तर तिसऱ्या पावसाळ्यात त्या उशिराच्या ओळीचे कोंब डोळ्याला फरक दिसेल इतके बारीक आहेत.

तिसऱ्या पावसाळ्यात आता काय आहे ते सांगतो. पहिल्या साली आले ते पेन्सिलीएवढे, दुसऱ्या साली अंगठ्याएवढे, आणि यंदा चांगल्या बेटांना मनगटाएवढे कोंब निघालेत. बांबूचं वैशिष्ट्य असं की कोंब जमिनीतनं ज्या जाडीचा बाहेर येतो तीच त्याची कायमची जाडी, नंतर तो झाडासारखा वर्षावर्षाला फुगत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. त्यामुळं पहिल्या सालची काडी बघून निराश व्हायचं कारण नाही, पण ती काडी पाचव्या वर्षी मोठी होईल अशी वाट पण बघायची नाही, ती तेवढीच राहणार, मोठा येणार तो नवीन कोंब.

ॲस्परचा कोंब जवळनं बघण्यासारखा असतो. श्रावणात पहाटे बेटापाशी गेलं की मातीला भेग पडलेली दिसते, मग तिथनं तपकिरी टोक वर येतं, आणि त्यावर मखमलीसारखी सोनेरी-तपकिरी लव असते. कोंबावर एकावर एक आवरणं गच्च बसलेली, काठी लांबत जाईल तसं खालचं आवरण सुटून बाजूला गळतं. खालच्या पेरांवर गोल रांगेत बारीक बारीक मुळ्यांचे टोचे असतात, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. तेवढी ती लव हाताला लागू देऊ नका, खाज सुटते, आमच्या पुतण्याचा हात दिवसभर लाल होता. कोंब खायचा असेल तर कोवळा असतानाच काढून, सोलून, चिरून चांगला उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, कच्चा बांबूचा कोंब विषारी असतो हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. ॲस्परचा कोंब चवीला चांगला म्हणूनच थायलंडमध्ये त्याची एवढी लागवड आहे. आमच्या वहिनींनी वाटाणा घालून केला, आमच्याकडच्या जंगली कळकाच्या कोंबापेक्षा कडवटपणा कमी लागला.

आता एक स्टार का कापला ते. पिशव्यांवर लेबल नाही. नुसती रंगीत सुतळी बांधलेली, पिवळी म्हणजे ॲस्पर, लाल म्हणजे बाल्कोवा. बिलावर पण जातीचं पूर्ण नाव, कुठल्या लॅबमधली रोपं, कुठली बॅच, काही नाही, नुसतं "बांबू रोपे" आणि आकडा. हे मला अजिबात पटलं नाही आणि तिथंच सांगितलं. कारण बांबूच्या बाबतीत आई कोण हे महत्त्वाचं असतं. बहुतेक जातींचा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग बेट वाळतं, आणि एकाच आईपासून तयार केलेली रोपं कुठंही, कधीही लावली तरी साधारण एकाच काळात फुलतात. थायलंडमध्ये १९९० च्या दशकात ॲस्परच्या बागा अशाच मोठ्या प्रमाणात फुलल्या आणि वाळल्या. मिझोराममध्ये तर तिथला बांबू ४८ वर्षांनी एकदम फुलतो, बी खाऊन उंदीर माजतात आणि मग तेच उंदीर शेतं खातात, १९५९ च्या दुष्काळामागं हेच होतं. आपण पन्नास वर्षांचा हिशोब धरून लावतोय तर निदान लॅबचं नाव आणि बॅच कागदावर पाहिजे ना? काका म्हणाले पुढच्या वेळेपास्नं देतो. मुलानं मग लॅबच्या चलनाचा फोटो पाठवला, पण तो मागितल्यावर. दरवेळी न मागता मिळायला पाहिजे.

डिलिव्हरीत पण वेळ लागला. मृगात पाहिजे होती, गाडी आली ती आर्द्रा निम्मं झाल्यावर, आणि तोवर आमच्याकडं असा पाऊस लागलेला की टेम्पो रस्त्यावरनं आत यायला तयार नाही. रोपं डोक्यावरनं आत न्यावी लागली. पिशव्या एकावर एक रचल्यामुळं खालच्या काही रोपांचे शेंडे मोडलेले होते, त्या मात्र त्यांनी कटकट न करता बदलून दिल्या, आणि पुढच्या खेपेला फळ्या टाकून दोन मजले करून पाठवल्या. नंतर मेलेल्या रोपांच्या जागी सुद्धा त्याच सीझनमध्ये नवीन रोपं निम्म्या दरात दिली.

जनावरांचं सांगतो, कारण आमच्याकडं खरा प्रश्न तोच. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूचे गवे ऊस, भात काही ठेवत नाहीत, म्हणून बरेच जण बांबूकडं वळतात की बांबू गवा खात नाही. पण तसं नाही, कोवळा बांबू गवा मजेत खातो, कोंब तर आवडीनं. साळिंदर रात्री येऊन बुडातला कोंब कुरतडतं, वानरं शेंडा मोडतात. आजरा-चंदगडकडच्या मंडळींना तर हत्तीचं सांगायला नको, बांबू म्हणजे त्याचं आवडीचं खाणंच. नर्सरीवाल्यांनी हे आधीच स्पष्ट सांगितलेलं, "तीन वर्सं कुंपण केल्याबिगर लावू नका, मग काठ्या पक्क्या झाल्या की बघंल त्यो." आम्ही सोलरचं कुंपण केलं तरी एका रात्री एका टोकाची बेटं तुडवली गेली. पण एक फरक आहे, ऊस खाल्ला की त्या सालचा गेला, बांबू खाल्ला तरी खालचा कंद जिवंत असतो आणि पुढच्या पावसात परत कोंब येतो. तुडवलेली बेटं यंदा परत उभी आहेत.

गव्यानं मोडलेली एक काठी मी शहरात बुरूड गल्लीत नेऊन दाखवली, की या मालाचं काय होईल. तिथल्या एका मावशींनी कोयत्यानं ती उभी फोडली, एक पट्टी काढून बोटावर वाकवून बघितली, ती वाकायच्या आधीच कडकन मोडली. "ह्यो सुपाला न्हाई चालायचा दादा, जाड भिताड आणि पेर आखूड. आम्हाला लांब पेराचा, लवणारा लागतो. ह्यो शिडीला, मांडवाला, घराच्या वाशाला." ही माहिती मला कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा मोलाची वाटली. म्हणजे ॲस्पर लावून मी सूप-टोपलीच्या बाजारात जाणार नाही, माझं गिऱ्हाईक मंडपवाले, बांधकामवाले, फर्निचरवाले. मेसाला मात्र टोमॅटोच्या आधाराला, वेलीच्या मांडवाला आपल्याच भागात मागणी आहे, सांगलीकडचे बागायतदार पण घेतात. आणि जोतिबाच्या सासनकाठ्यांसाठी लांब, सरळ, डाग नसलेली काठी शोधत माणसं दरवर्षी गावोगाव फिरतात, तशी एखादी काठी माझ्या बेटातनं निघाली तर मी तिचे पैसे घेणार नाही.

कुडाळला कोनबॅक म्हणून बांबूवर काम करणारी संस्था आहे, २००४ पासनं आहे, तिथं बांबूची घरं, फर्निचर आणि काठीला कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडमध्ये प्रक्रिया कशी करतात हे बघायला मिळतं. घाट उतरलं की जवळच आहे, ज्याला मोठी लागवड करायची त्यानं रोपं घ्यायच्या आधी एकदा जाऊन यावं. आसाममध्ये नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करायचा कारखाना झालाय, आपल्याकडं शेतकरी नेते पाशा पटेल गावोगाव जाऊन बांबूचं सांगतायत, सगळं चांगलं आहे, पण इथेनॉलचा कारखाना आसामात आहे आणि माझा बांबू भुदरगडात, त्यामुळं एकरी अमुक लाख हा आकडा ऐकला की मी विचारतो, घेणार कोण आणि कुठल्या वजनकाट्यावर? काकांनी मला खरेदीची हमी दिली नाही, ती देऊ शकत नाही असं तोंडावर सांगितलं. हमी देणारे एजंट गावात येऊन गेलेत, आगाऊ पैसे घेणारे, त्यांच्यापासनं लांब राहा.

उसाशी तुलना सगळेच विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, करवीर-शिरोळची काळी जमीन, नदीचं पाणी, एकरी पन्नास टन काढणारा माणूस असेल तर त्यानं ऊस मोडून ॲस्पर लावायच्या फंदात पडू नये. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर कंद कुजतो, आणि पहिली चार-पाच वर्षं हातात काही येत नाही, सोसायटीचं कर्ज थांबत नाही. पण उताराची लाल जमीन, माळ, ओढ्याकडेची धसणारी पट्टी, गव्यांनी हैराण केलेलं रान, पोरं पुण्याला आणि घरात म्हातारी माणसं, अशा ठिकाणी हे पीक मनापासनं विचार करण्यासारखं आहे. एकदा लावलं की दरवर्षी नांगरट नाही, पेरणी नाही, माती धरून ठेवतं. आमच्या ओढ्याकडेला दर पावसाळ्यात हातभर माती जायची, यंदा ती थांबली, मला तर एवढ्यावरच समाधान वाटतं.

तोडायला परवानगी लागते का हे अजून लोक विचारतात. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड म्हणून धरलेला होता, २०१७ साली केंद्रानं दुरुस्ती केली आणि जंगलाबाहेर, म्हणजे आपल्या खाजगी जमिनीत लावलेल्या बांबूला झाडाचा तो नियम लागू राहिला नाही. तरी लागवड केली की तलाठ्याकडं सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, पुढं वाहतुकीला कुणी अडवलं तर कागद हातात असतो. अनुदानाच्या योजना आहेत, राज्याचं बांबू विकास मंडळ आहे, अटी बदलत असतात तेव्हा रोपं घ्यायच्या आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा, आणि तिथं बिलावर जातीचं नाव लागतं, म्हणून परत सांगतो, बिल नीट मागून घ्या.

काकांनी शिकवलेली एक गोष्ट आम्ही सुरू केलीय, दर सालच्या कोंबांना त्या सालचा ऑइल पेंटचा पट्टा. चीनमध्ये मोसोच्या बनात शेतकरी काठीवर सालाची खूण करतात तसंच. पहिल्या सालचा पिवळा, दुसऱ्याचा निळा, यंदाचा लाल. कारण तोडायची ती तीन वर्षं पूर्ण झालेलीच काठी, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी बेट दाटलं की नुसतं बघून वय ओळखता येत नाही, मजूर बाहेरच्या बाहेर कोवळी काठी तोडून मोकळे होतात. तोडणी पावसाळ्यात नाही, दिवाळीनंतर थंडीत, तेव्हा काठीत साखर-पिठूळ कमी असतं म्हणून भुंगा कमी लागतो, आणि जमिनीलगतच्या पेराच्या बरोबर वर छाटायचं म्हणजे उरलेल्या खुंटात पाणी साठत नाही.

जायचं असेल तर एप्रिलमध्येच जाऊन बुकिंग करा, मे अखेरीला चांगली रोपं संपतात आणि मग उरलेली, शेडमधली कोवळी घ्यावी लागतात. ऑनलाईन पेमेंट चालतं, उधारी नाही. मातीचा नमुना पिशवीत घालून नेला तर काका हातात घेऊन, चोळून बघून सांगतात. लॅबचं नाव आणि बॅच बिलावर लिहून मागा, गाडी मृगाच्या आत पाहिजे असं ठणकावून सांगा, आणि रोपं उतरवून घेताना खालच्या थरातली आधी बघा. मी यंदा ओढ्याच्या पलीकडं बाल्कोवा लावतोय, ऑर्डर त्यांच्याकडंच दिलीय.

रोपांना ५ पैकी ५, सल्ल्याला ५, बिल-लेबलला २, डिलिव्हरीला ३.